रविवारची वजाबाकी

३ फेब्रुवारी, सोमवार

आज माझं वजन झालं, तेही दहा माणसांसमोर. वजनकाटे तपासण्याची नोकरी करून मला बत्तीस वर्षं झाली. आज एका गोदामातला मोठा काटा तपासायचा होता आणि आमच्या वजनांची अर्धी पेटी गाडीतच राहिली होती. गोदामवाला म्हणाला, तुम्हीच उभे राहा की साहेब, भरपूर आहात. सगळे हसले, मीही हसलो आणि खुळ्यासारखा चढलो. भिंतीवरच्या लाल आकड्यांत एकशे एक किलो आले. उतरताना पायरी दिसेना, कारण मध्ये पोट होतं. एका हमालानं हात धरून उतरवलं.

संध्याकाळी डॉक्टरीणबाईंकडे रक्ताचा रिपोर्ट घ्यायला गेलो. जेवणानंतरची साखर २१४. एकशे चाळीसच्या आत हवी होती. गोळ्या लगेच सुरू करत नाही, तीन महिने देते, म्हणाल्या. मला दादा दिसायला लागला. माझा थोरला भाऊ. याच साखरेनं त्याचा उजवा पाय घोट्यापासून गेला. तो दवाखान्यात असताना मी त्याला ‘जरा तोंड आवरायचं होतंस’ असं ऐकवलं होतं. आज ते आठवून मान वर होईना.

बाईंनी व्यायाम सांगितला, तो मात्र चमत्कारिक आहे. पळायचं नाही, जिममध्ये जायचं नाही. दर पाऊण तासानं खुर्चीतून उठायचं आणि दोन मिनिटं स्वतःच्याच वजनाशी झटापट करायची. दहा-पंधरा उठाबशा, टाचा वर-खाली, भिंतीला हात टेकून ढकलाढकली. जेवणानंतर तर चुकवायचंच नाही. स्नायू हलला की तो रक्तातली साखर आत ओढून घेतो, आणि मांड्यांचे स्नायू सगळ्यांत मोठे, म्हणून उठाबशा. दिवसभर बसून राहिलं की चयापचय मंदावतो, तो असा थोडा थोडा हलवत ठेवायचा. ‘चयापचय’ हा शब्द मी शाळेनंतर आजच ऐकला. शाळेतही त्याच्यावर मार्क गेलेच होते.

घरी काही सांगितलं नाही. हिनं विचारलं, बाई काय म्हणाल्या? म्हटलं, सगळं ठीक.

५ फेब्रुवारी, बुधवार

आमच्या खात्याच्या कार्यशाळेत मोठ्या काट्याच्या मागं एक कोपरा आहे, तिथं उठाबशा काढल्या. सहा झाल्या आणि गुडघा इतका वाजला की पलीकडून लंबू आला. हा आमचा दुरुस्तीवाला, माझ्याहून वीस वर्षांनी लहान. कोणत्या बाईंनी शिक्षा केली, असं विचारलं त्यानं. जेवणाच्या सुट्टीपर्यंत सगळ्या कार्यशाळेला कळलं होतं. दुपारच्या उठाबशा शेवटी संडासात काढल्या. एकशे एक किलोचा, पंचावन्न वर्षांचा माणूस कडी लावून उठतो-बसतो आहे, हे कुणी पाहिलं असतं तर मी नोकरी सोडली असती.

९ फेब्रुवारी, रविवार

हिला शेवटी सांगितलं, कारण साखर तपासायचं छोटं मशीन आणलं, ते लपवणार कुठं? मला वाटलं होतं रागावेल. ती छापखान्यात प्रुफं तपासते, दिवसभर दुसऱ्यांच्या चुका काढते, पण माझ्या कधी काढत नाही. ती फक्त म्हणाली, ‘आधी सांगितलं असतं तर सोमवारपासूनच भात कमी लावला असता.’ मग मी हॉलमध्ये उठाबशा काढल्या आणि तिनं स्वयंपाकघरातून मोठ्यानं आकडे मोजले. बारानंतर चौदा म्हणाली. एक मला सोडली, असं तिचं म्हणणं.

आता खरी गोष्ट लिहितो, कारण ती माझ्या डोक्यातून निघालेली आहे. मशीन नवं. तपासल्याशिवाय कुठल्याही यंत्रावर विश्वास ठेवायला मला शिकवलेलंच नाही. काटा तपासायचा तर प्रमाण वजन लागतं. पाच किलोचं म्हणून मान्य केलेलं पितळी वजन काट्यावर ठेवायचं. काट्यानं पाच किलो वीस ग्रॅम दाखवले तर दोष काट्याचा, वीस ग्रॅम वजा. माझ्यापुढं प्रश्न होता, साखरेचं प्रमाण वजन आणायचं कुठून? आणि ते समोरच बसलं होतं. सत्तावीस वर्षांत ही डोकेदुखीची गोळीसुद्धा घेताना मी पाहिलेली नाही. अंगानं काडी. माहेरी कुणाला साखर नाही. घरी असली की सतत पायावर. निरोगी माणूस म्हणजे हीच.

दोघं एकाच वेळी जेवलो, दोन तासांनी दोघांची बोटं टोचली. माझी २१२. हिची १५८. निरोगी माणसाची एकशे चाळीसच्या वर जात नाही, म्हणजे मशीन अठरा जास्त दाखवतंय. माझी खरी साखर १९४.

हिनं विचारलं, माझं बरं आहे ना नक्की? मी म्हणालो, तू तर प्रमाण वजन. ती चक्क लाजली. वहीच्या मागच्या पानांवर मी तीन रकाने आखले: माझी, हिची, वजा करून खरी. एक रविवार सोडून एका रविवारी मोजायचं ठरवलं.

२३ फेब्रुवारी, रविवार

माझी २०६, हिची १६६. सव्वीस वजा, खरी १८०. उतरतेय. मशीन मात्र दिवसेंदिवस बिघडत चाललंय. नव्या यंत्रांचं हे असंच, स्वस्त स्प्रिंगा घालतात. यात स्प्रिंग नसते हे मला माहीत आहे, पण शिवी द्यायला काहीतरी लागतंच.

कामावर आता कोपऱ्यात काढतो, उघड्यावर. लंबू ‘गुरुजी आले’ म्हणतो. म्हणू दे. तरी कुणी बाई फाइल घेऊन आली की मी बुटाची नाडी बांधायला वाकतो. माझे बूट बिननाडीचे आहेत.

९ मार्च, रविवार

माझी १९९, हिची १८१. एकेचाळीस वजा. खरी १५८!

महिन्याभरात छत्तीस उतरली. डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या ते खोटं नाही, थोडं थोडं पण सतत, हेच खरं. आता जेवण झालं की जड वाटत नाही, जिना चढताना मध्ये थांबावं लागत नाही. अंगावर मूठभर मांस चढलं, म्हणजे उतरलं.

हिनं आज मोजणीच्या आधीच हात धुऊन, कोरडे करून, मशीन टेबलावर मांडून ठेवलं होतं. मागच्या वेळी डाव्या हाताचं बोट होतं म्हणून या वेळी उजवं पुढं केलं. अशी शिस्त मी आमच्या खात्यातही पाहिलेली नाही.

१४ मार्च, शुक्रवार

मी डबा विसरलो म्हणून ही कार्यशाळेत आली. लंबूनं चेष्टेत तिला काट्यावर उभं केलं. पन्नास किलो सातशे. फुटकं नशीब बघा माझं! गेल्या उन्हाळ्यात ही छपन्न होती. मी दिवसाला शंभर उठाबशा काढून दोन किलो उतरलो, आणि हिचे एका जागी बसून पाच गेले. तिच्यादेखत मी हे सगळ्यांना सांगितलं आणि म्हणालो, हिचा वशिला आहे वरपर्यंत. सगळे हसले. ती कूलरपाशी पाणी पीत होती, तीन पेले प्यायली. डबा देऊन लगेच गेली.

आता लिहिताना वाटतं, बायकोचं वजन चारचौघांत सांगायला नको होतं. मला स्वतःला गोदामात कसं झालं होतं!

२३ मार्च, रविवार

माझी १९३, हिची १९८. अठ्ठावन्न वजा, खरी १३५. एकशे चाळीसच्या आत आलो. दादाला फोन केला. दोन पायांचा माणूस एका पायाच्या माणसाला आपल्या उठाबशा सांगतोय हे मध्येच लक्षात आलं आणि जीभ अडखळली. तो मात्र म्हणाला, चालू ठेव, मला हे कुणी सांगितलं नाही.

हिच्यावर आज चिडलो. रात्री चार-चार वेळा उठते, दिवा लावते, माझी झोप मोडते. झोप मोडली की साखर चढते असं कुठंतरी वाचलंय. ती म्हणाली, दिवा लावणार नाही.

६ एप्रिल, रविवार

माझी १८८, हिची २२४. चौऱ्याऐंशी वजा. खरी १०४. तिशीतल्या माणसाची साखर आहे ही.

उठाबशा मोजायला हिला हाक मारली, तर खुर्चीतच डोळा लागला होता. दुपारी झोपणारी बाई नव्हे ही. बरं वाटलं, कधी नव्हे ती विसावा घेते आहे. मीच मनात मोजल्या.

११ एप्रिल, शुक्रवार

साहेबांनी आज सगळ्यांना जमवून मला बोलायला लावलं. ‘दोन मिनिटांचा व्यायाम आणि चयापचय.’ मी फळ्यावर आकडे लिहिले, १९४ ते १०४, आणि सगळ्यांकडून पंधरा उठाबशा काढून घेतल्या. साहेबांनीसुद्धा टेबल धरून काढल्या. लंबू शेवटच्या रांगेतून गुरुजी, गुरुजी करत होता, पण काढत होता. माझे आकडे सूचनाफलकावर लावले आहेत. लाज वाटेनाशी झाली ही किती मोठी गोष्ट आहे, ते दोन आठवडे संडासात कडी लावल्याशिवाय कळत नाही.

घरी आलो तर हिचं तोंड उतरलेलं. छापखान्याच्या मालकानं झापलं होतं. एका पुस्तकात अकरा चुका सुटल्या. अक्षरं पोहतात म्हणाली. मी म्हटलं, चष्म्याचा नंबर बदलला असेल, वय झालं आपलं. मग फळ्यावरचे आकडे सांगितले. तिनं ऐकून घेतलं.

२० एप्रिल, रविवार

माझी १८४, हिची २६३.

एकशे तेवीस वजा केले तर माझी खरी एकसष्ट येते. एकसष्टला माणूस चक्कर येऊन पडतो, आणि मी तर आता वीस उठाबशा काढून उभा आहे. कुठंतरी गडबड आहे. बराच वेळ आकडे बघत बसलो. रक्ताचा थेंब लावायच्या पट्ट्यांची डबी जुनी असणार. तिसरा रकाना आज कोरा ठेवला. तीन महिन्यांची तपासणी आता दोन आठवड्यांवरच आहे, तेव्हा मशीन बाईंनाच दाखवीन.

हिला फार थकवा वाटतो. लेकीचा फोन आला होता, तिला काही बोलली नाही. मी हिला दोन वेळा पाण्यात ग्लुकोजची पावडर घालून दिली. गटागटा प्यायली, बरं वाटलं म्हणाली. उद्यापासून छापखान्यात जाताना बाटली भरून देणार आहे.

२२ एप्रिल, मंगळवार

अकरा वाजता छापखान्यातून फोन आला की ही टेबलावरच कोसळली.

इस्पितळात साखर ४३१ निघाली. त्यांच्या मशीननं नाही, प्रयोगशाळेतून. अंगातलं पाणी संपलेलं, ओठ फुटलेले. सलाईन लावलं, इन्सुलिन दिलं. सोबत आलेली तिची बाटली डॉक्टरांनी उघडून हुंगली आणि विचारलं, यात काय आहे? मी सांगितलं. त्यांनी बाटली नर्सकडे दिली.

मग विचारलं, हे कधीपासून आहे? तहान, वजन, साखर, काही अंदाज? मी म्हणालो, कल्पना नाही.

असं म्हणालो मी. ही वही पिशवीत होती आणि पिशवी माझ्या मांडीवर होती.

२३ एप्रिल, बुधवार

डॉक्टरांनी आज पुन्हा विचारलं. बारीक अंगाच्या बाईला या वयात अचानक एवढी साखर, म्हणजे स्वादुपिंडातलं काही असू शकतं. आठवड्यात चढली की महिनोन् महिने हळूहळू चढत होती, ते कळलं तर पुढं काय तपासायचं आणि किती घाईनं, ते ठरवता येईल. ते मला नीट समजावून सांगत होते. मी मान डोलावत होतो, आणि त्यांना हवं असलेलं उत्तर तारखेनिशी माझ्या पिशवीत होतं.

लेकीचा फोन आला. ती निघाली आहे, उद्या पोचेल. म्हणाली, ‘बाबा, तुम्ही तर आईची साखर रविवारी तपासत होतात ना? तिनं मला सांगितलं होतं.’

मी म्हणालो, माझी तपासत होतो. यात एकही शब्द खोटा नाही, आणि इतकं खोटं मी जन्मात बोललेलो नाही.

ही झोपलेली असताना मागची पानं काढून आकडेमोड केली. वजाबाकी न करता. माझी साखर २१२ वरून १८४ वर आली. अठ्ठावीस. एवढंच माझ्या उठाबशांचं. बाकी जे उतरलं, ज्यासाठी मी फळ्यासमोर उभा राहिलो, ते सगळं हिचं चढलेलं होतं. ती जितकी आजारी पडत गेली तितका मी कागदावर बरा होत गेलो, आणि खूश होत गेलो. मी तिच्याकडे पाहत होतो, मोजत होतो, लिहीत होतो, आणि कळत मात्र काही नव्हतं. बिघाडाची शंका मी मशीनवर घेतली, पट्ट्यांवर घेतली, तिच्यावर घेतली नाही. लोक याला विश्वास म्हणतील. मला तसं म्हणवत नाही. तिच्यावर शंका घेतली असती तर माझे आकडे परत चढले असते.

आमची प्रमाण वजनंसुद्धा दर दोन वर्षांनी वरच्या प्रयोगशाळेत तपासायला जातात. झिजतात म्हणून. त्या पाठवणीच्या कागदावर सही माझीच असते.

मागची दोन पानं तेवढी फाडून डॉक्टरांना द्यावीत असा विचार केला. मग वाटलं, तिसरा रकाना तेवढा कापावा. मोजपट्टी लावून पाहिली, सरळ कापता आला असता. अर्धा तास पट्टी धरून बसलो होतो. शेजारच्या खाटेवरच्या म्हाताऱ्या बाई माझ्याकडे बघत होत्या. त्यांना काय दिसत होतं कोण जाणे, पण मी पट्टी ठेवून दिली.

२४ एप्रिल, गुरुवार

सकाळी डॉक्टर आले तेव्हा वही उघडून त्यांच्या हातात दिली. म्हणालो, परवा मी खोटं बोललो. कधीपासून ते यात आहे.

ते उभ्या उभ्या वाचत होते आणि चेहरा खुलत गेला. असं कुणीच लिहून ठेवत नाही म्हणाले, एकाच वेळी जेवण, बरोबर दोन तासांनी मोजणी, अडीच महिने. आम्हाला याचा फार उपयोग होईल. एकदम नाही, पायरी पायरीनं चढलीय, तरी वजन गेलंय म्हणून स्कॅन आजच करून घेऊ. मला शाबासकी देत होते. यापेक्षा त्यांनी मुस्कटात मारली असती तर सोसली असती.

मग त्यांचं बोट तिसऱ्या रकान्यावर आलं. ‘हे काय?’

मी सांगितलं. सांगायला फार वेळ लागला नाही. त्यांनी एकदा माझ्याकडे पाहिलं, एकदा खाटेकडे. ही जागी होती. किती वेळ जागी होती ते मला माहीत नाही.

डॉक्टर हळू आवाजात म्हणाले, तुमचे अठ्ठावीसही काही कमी नाहीत, व्यायाम सोडू नका. मी हो म्हणालो. त्या क्षणी मला तो आकडा स्वतःच्या अंगावर नको होता.

स्कॅन झाला. गाठबिठ काही नाही. साखरच आहे, पण इन्सुलिन लागणार, निदान काही महिने. आणखी आठवडाभर ग्लुकोजचं पाणी चाललं असतं तर, एवढंच म्हणून डॉक्टरांनी फाइल मिटली.

दुपारी लेक आली. आईच्या हातावरून हात फिरवत बसली. संध्याकाळी हिनं माझ्याकडे वही मागितली. म्हटलं, डोळ्यांना त्रास होईल. ती म्हणाली, आता अक्षरं पोहत नाहीत.

२५ एप्रिल, शुक्रवार

लंबूला फोन करून फलकावरचे आकडे काढायला सांगितले. का, विचारलं त्यानं. खोटे आहेत म्हणालो. उठाबशा खोट्या नाहीत, आकडे खोटे आहेत. तो म्हणाला, वहिनींना घरी घेऊन या, मग बोलू.

हिनं वही पहिल्या पानापासून वाचली. प्रुफं वाचते तशी, ओळीखाली बोट सरकवत, एकही ओळ न सोडता. मी समोरच्या स्टुलावर बसलो होतो. काट्यावर वजन सांगितल्याचं पान आलं तेव्हा ओळखलं, कारण बोट थांबलं. दिव्याचं पान आलं तेव्हाही थांबलं. बाहेर जाऊन यावं असं खूप वाटलं, पण जाण्याचा हक्क आपल्याला नाही असं वाटून बसून राहिलो. मागचे रकाने तिनं सगळ्यांत शेवटी पाहिले.

वही मिटून ती खिडकीकडे बघत होती. रागावली असती तर मला काहीतरी म्हणता आलं असतं.

‘तुम्ही बोट टोचायचात ना,’ ती म्हणाली, ‘तेव्हा मला वाटायचं, एवढ्या वर्षांनी तुम्ही माझी काळजी घ्यायला लागलात. मी रविवारची वाट बघायचे.’

मी स्टूल खाटेजवळ ओढलं.

तेवढ्यात नर्स मशीन घेऊन आली. जेवणाला दोन तास झाले होते. मी उठलो, म्हणालो, मी करतो. हिनं हात पुसला आणि नर्सपुढे धरला.

२३१ आली. वही तिच्याच उशाशी होती. मी विचारून ती घेतली आणि आकडा लिहिला, आहे तसा.